कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओतला वॉटरमार्क : एका न दिसणाऱ्या खुणेचा इतिहास

डिजिटल वॉटरमार्क म्हणजे चित्रात किंवा आवाजात मिसळून टाकलेली खूण. ती डोळ्याला दिसत नाही, कानाला जाणवत नाही, पण जवळ किल्ली असलेल्या यंत्राला वाचता येते. फाइलच्या सुरुवातीला लिहिलेले मालकाचे नाव पुसून टाकणे सोपे असते. वॉटरमार्क मात्र चित्राच्याच अंगात भिनलेला असतो. फाइलचा प्रकार बदलला, चित्र लहान केले, पडद्यावरून कॅमेऱ्याने पुन्हा टिपले, तरी तो चित्राबरोबर जावा अशी अपेक्षा असते. व्हिडिओच्या बाबतीत ही अपेक्षा पुरी करणे फार जड गेले. ज्या दशकात हे तंत्र जन्मले त्याच दशकात व्हिडिओ कॉम्प्रेस करण्याच्या पद्धतीही पक्क्या झाल्या, आणि दोघांचा डोळा एकाच जागेवर होता. माणसाला जे दिसणार नाही ते कॉम्प्रेशन काढून टाकते, आणि वॉटरमार्कला लपायचे असते तेही तिथेच. कॉम्प्रेशन अगदी निर्दोष झाले असते, तर न दिसणाऱ्या खुणेला चित्रात जागाच उरली नसती. या ओढाताणीत खूण न दिसणाऱ्या भागातून हळूहळू दिसणाऱ्या भागात सरकत गेली, आणि नक्कल रोखण्याचे तिचे मूळ काम मागे पडून नक्कल कुठून फुटली याचा माग काढणे हेच तिचे मुख्य काम झाले.

कागदावरची जलचिन्हे इटलीतल्या फाब्रियानो गावी १२८२च्या सुमारास सुरू झाली असे मानतात. विजेच्या संकेतात खूण मिसळण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न त्याच्या कितीतरी नंतरचा, १९५४ सालचा. अमेरिकेतली म्यूझॅक कंपनी दुकानांना आणि कचेऱ्यांना पार्श्वसंगीत पुरवत असे. तिच्या एमिल हेम्ब्रुक यांनी संगीतातला एक किलोहर्ट्झच्या आसपासचा अगदी अरुंद पट्टा ठरावीक वेळाने गाळायचा आणि त्या गाळण्याच्या लांब-आखूड कालावधीतून मोर्सच्या लिपीत ओळखीचा संकेत लिहायचा, अशी युक्ती काढली. तिचे पेटंट १९६१ मध्ये मिळाले. ऐकणाऱ्याला काही कळत नसे, पण गाणे कोणाच्या मालकीचे हे यंत्र सांगू शकत असे. सिनेमाच्या धंद्यात १९८२ मध्ये कोडॅकने रिळांसाठी ठिपक्यांची खूण आणली. काही मोजक्या चौकटींवर बारीक ठिपक्यांची मांडणी असे आणि ती प्रत्येक प्रिंटची वेगळी असे. चोरून काढलेल्या प्रतीत ते ठिपके सापडले, की मूळ प्रिंट कोणत्या चित्रपटगृहात गेली होती ते उमगे. पुढे डिजिटल वॉटरमार्क जे काम करू लागला त्याचा आराखडा या ठिपक्यांत तयारच होता. फक्त ठिपके डोळ्याला दिसत, आणि ज्याला दिसले तो ते पुसू शके.

संगणकावरच्या चित्रांसाठी पहिले प्रयोग साधे होते. ऑस्ट्रेलियात अनातोल टिर्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३–९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलच्या शेवटच्या बिटाला हात लावलेला होता. पिक्सेलची उजळता ० ते २५५ या अंकांत लिहिली जाते. तिथे १३० ऐवजी १३१ झाले तर कोणाच्याही डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून यादृच्छिक भासणारी, पण किल्लीवरून पुन्हा तयार करता येणारी अंकांची माळ त्या शेवटच्या बिटांत गुंफायची. कॉम्प्रेस न केलेल्या चित्रात हे छान चालते. पण चित्र एकदा जेपेग (स्थिर चित्रांची) किंवा एमपेग (व्हिडिओची) या कॉम्प्रेशन-पद्धतींतून गेले की शेवटचे बिट सर्वांत आधी बळी पडतात, कारण डोळ्याला त्यांची गरज नाही हे कॉम्प्रेशन लिहिणाऱ्यांनाही तितकेच ठाऊक होते.

या ओढाताणीचे मूळ १९७४ सालच्या एका छोट्या शोधनिबंधात आहे. बंगळूरचे, पण अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवणारे नासिर अहमद, त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतले के. आर. राव यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, म्हणजे डीसीटी, ही गणिती क्रिया मांडली. भारतीय वंशाच्या या तिघांचे काम आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये रोज लाखो वेळा चालते, आणि त्या मानाने त्यांची नावे फार कमी घेतली जातात. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडले, की डीसीटी त्या ६४ उजळता-अंकांचे ६४ सहगुणक करून देते. पहिला सहगुणक चौकोनाची सरासरी उजळता सांगतो, त्यानंतरचे काही सहगुणक ठळक आकार सांगतात आणि अखेरचे अगदी बारीक पोत. बहुतेक चौकोनांत अखेरचे सहगुणक शून्याच्या जवळ असतात. ते ठरावीक पायऱ्यांत मोजून पूर्णांकात बसवले, की बरेचसे शून्यच होतात, आणि शून्यांची लांब ओळ थोडक्या बिटांत लिहून होते.

१९८८ मध्ये लिओनार्दो क्यारिलिओने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपेग समिती स्थापन झाली. तिने डीसीटीला चौकटींमधल्या साम्याची जोड दिली. शेजारच्या दोन चौकटींत फरक थोडाच असतो. म्हणून काही चौकटी पूर्ण लिहायच्या आणि बाकीच्यांसाठी ‘मागच्या चौकटीतला हा चौकोन इतका उजवीकडे, इतका वर सरकवा’ एवढी सूचना आणि उरलेला फरक लिहायचा. त्या सूचनेला गती-सदिश म्हणतात. ७२० बाय ५७६ पिक्सेलचे, सेकंदाला २५ चौकटींचे दूरचित्रवाणीचे चित्र कॉम्प्रेस न करता सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट मागते. डीव्हीडीवर एमपेग-२ मध्ये तेच चित्र कमाल ९.८ मेगाबिटांत, आणि सरासरीने त्याच्या निम्म्यात, बसू लागले. चित्रातला इतका मोठा भाग टाकून दिल्यावर खूण कुठे ठेवायची, या प्रश्नाने १९९५ नंतरची संशोधनाची लाट उसळली.

जर्मनीत डार्मश्टाट इथल्या फ्राउनहोफर संस्थेत एकहार्ड कोख आणि जियान झाओ यांनी १९९५ मध्ये मधला मार्ग धरला. अखेरचे सहगुणक कॉम्प्रेशन टाकून देते आणि पहिल्यांना हात लावला तर डोळ्याला कळते. म्हणून मधल्या सहगुणकांपैकी काही निवडायचे आणि त्यांतला कोणता मोठा, कोणता लहान या नात्यातून बिट लिहायचा. अमेरिकेत एनईसीच्या प्रिन्स्टनमधल्या प्रयोगशाळेतले इंगमार कॉक्स, जो किलियन, तलाल शमून आणि एमआयटीचे टॉम लेटन यांनी त्याहून धाडसी भूमिका घेतली. खूण चित्राच्या सर्वांत महत्त्वाच्या भागातच घालायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते. चित्राचे सर्वांत मोठे एक हजार डीसीटी सहगुणक निवडून त्यांनी प्रत्येकात किंचितसा बदल केला. ते सहगुणक नष्ट करायचे तर चित्रच नष्ट करावे लागते. १९९५ साली अहवालाच्या रूपात आणि १९९७ मध्ये शोधपत्रिकेत आलेला हा निबंध या क्षेत्रात पुढे सर्वाधिक उद्धृत झालेल्यांपैकी एक ठरला. लपण्यासाठी कोपरा शोधण्याऐवजी भर वस्तीत राहायचे, ही त्यातली कल्पना पुढच्या साऱ्या टिकाऊ पद्धतींचा पाया आहे.

भर वस्तीत राहूनही खूण दिसत नाही याचे कारण लष्करी रेडिओच्या तंत्रात आहे. एक बिट एका जागी जोरात लिहिण्याऐवजी तो लाखभर जागांवर अगदी हलक्या हाताने पसरायचा. समजा, एक लाख पिक्सेलांपैकी प्रत्येकाची उजळता किल्लीतून निघालेल्या अधिक-उणे माळेप्रमाणे फक्त एका पायरीने वाढवली किंवा घटवली. चित्राची स्वतःची उजळता ४० पायऱ्यांच्या आसपास वरखाली होत असेल, तर एकेका पिक्सेलकडे पाहून काहीच कळणार नाही. पण प्रत्येक पिक्सेलला माळेतल्या अधिक-उणेने गुणून सगळ्यांची बेरीज केली, की खुणेचा वाटा एक लाख होतो. चित्राचा वाटा मात्र एकमेकांना खोडत सुमारे ४० गुणिले लाखाचे वर्गमूळ, म्हणजे साडेबारा हजारांच्या घरात राहतो. आठपट फरकाने खूण वर येते. किल्ली नसेल तर माळ माहीत नसते, आणि बेरीज कितीही वेळा केली तरी हाती काही लागत नाही. चित्र जितके मोठे आणि चित्रफीत जितकी लांब, तितकी बेरीज लांब आणि तितकी खूण हलकी ठेवता येते. व्हिडिओ हा वॉटरमार्कला मानवणारा माध्यमप्रकार आहे तो यामुळे.

अडचण वेगळीच होती. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिडिओ साठवला जाई तो एमपेगच्याच रूपात, आणि प्रत्येक ग्राहकाला त्याची वेगळी खूण घालून द्यायची तर चित्र उलगडायचे, खूण घालायची आणि पुन्हा कॉम्प्रेस करायचे हा उपद्व्याप परवडण्यासारखा नव्हता. उलगडण्यापेक्षा कॉम्प्रेस करायला कितीतरी जास्त गणित लागते, आणि दर वेळी चित्राचा दर्जाही उतरतो. म्हणून कॉम्प्रेस केलेल्या प्रवाहातच थेट खूण घालायची गरज निर्माण झाली. एर्लांगेन-न्युरेम्बर्ग विद्यापीठात फ्रांक हार्टुंग आणि बेर्न्ड गिरोड यांनी १९९६ ते १९९८ या काळात यावर जे उत्तर शोधले ते आजही या विषयाचा पहिला धडा म्हणून शिकवावे असे आहे.

त्यांनी खुणेचेच आठ बाय आठचे चौकोन करून त्यांची डीसीटी काढली. एमपेग प्रवाह पूर्ण न उलगडता फक्त त्याचे सांकेतिक शब्द, म्हणजे सहगुणक ज्या लांब-आखूड बिटांच्या ओळींत लिहिलेले असतात त्या ओळी, सोडवले, म्हणजे सहगुणक हाती आले, आणि त्यांत खुणेचे सहगुणक मिळवले. ज्या जागी मूळ सहगुणक शून्य होता त्या जागेला हात लावला नाही, कारण शून्याचे एक झाले की फाइल फुगते. उरलेल्या प्रत्येक सहगुणकासाठी नवा सांकेतिक शब्द जुन्यापेक्षा लांब होतो का ते तपासले. लांब होत असेल तर बदल सोडून दिला आणि जुनाच शब्द पुढे पाठवला. त्यामुळे खूण घातलेला प्रवाह मूळ प्रवाहापेक्षा कधीच मोठा होत नाही. ठरावीक रुंदीच्या वाहिनीवरून कार्यक्रम पाठवणाऱ्या केंद्राला याच हमीची गरज होती. दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. एमपेगमध्ये पुढची चौकट मागच्या चौकटीवरून बनते. मागच्या चौकटीत घातलेली खूण गती-सदिशांबरोबर सरकत पुढच्या चौकटीत येते, तिथल्या नव्या खुणेत मिसळते, आणि काही चौकटींनंतर या साऱ्याचा थर चित्रावर दिसू लागतो. म्हणून मागच्या खुणेचे सरकून आलेले रूप प्रत्येक चौकटीत हिशेबाने वजा करावे लागे. या भरपाईसाठीच बरेचसे गणित खर्ची पडे. एवढे करून सेकंदाला काही बाइट एवढीच माहिती लपवता येई, पण ती पुन्हा कॉम्प्रेस केल्यावरही वाचता येई.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात गेरिट लांगेलार, इनाल्ड लागेंडाइक आणि यान बीमॉन्ड यांना याहून हलके तंत्र हवे होते. एमपेगच्या सांकेतिक शब्दांच्या तक्त्यात काही जोड्या अशा आहेत की दोन्ही शब्दांची लांबी सारखी, त्यांनी सांगितलेल्या मूल्यांत फक्त एकाचा फरक, आणि म्हणून मूल्याचा शेवटचा बिट एकात शून्य तर दुसऱ्यात एक. अशा शब्दांच्या जागी हवा तो जोडीदार बसवला की फाइलचा आकार तसूभरही न बदलता सेकंदाला हजारो बिट लिहिता येतात. वेगाच्या दृष्टीने याला तोड नव्हती, पण चित्र दुसऱ्या दराने पुन्हा कॉम्प्रेस केले की खूण जागच्या जागी संपे. म्हणून याच गटाने दुसरे तंत्र काढले. एका गुप्त किल्लीने चौकोनांची सरमिसळ करायची, त्यांचे दोन गट पाडायचे आणि एका गटातले बारीक पोताचे सहगुणक चक्क टाकून द्यायचे. दोन गटांत पोताची ऊर्जा कुठे जास्त उरली, त्यावरून शून्य किंवा एक वाचायचा. यात काही मिळवायचे नसते, फक्त काढायचे असते, म्हणून फाइल उलट लहानच होते. कॉम्प्रेशनच्याच पद्धतीने, कॉम्प्रेशनच्याच दिशेने जाऊन खूण लिहिणारे हे तंत्र सौंदर्याच्या कसोटीवर या काळातले सर्वोत्तम म्हणावे लागेल. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांनी १९९७ मध्ये गती-सदिशांतच किंचित फेरफार करून माहिती लिहिण्याचा प्रस्ताव एमपेग समितीपुढे ठेवला होता. पुन्हा कॉम्प्रेस करताना सदिश नव्याने शोधले जातात, त्यामुळे संरक्षणासाठी तो फारसा टिकला नाही.

याच सुमारास आइंडहोव्हन इथल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत टोन काल्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जॉज’ नावाची पद्धत तयार केली. तिचा पहिला हेतू चोरी पकडणे नव्हता. आपली जाहिरात किंवा बातमीची चित्रफीत कोणत्या वाहिनीवर किती वेळा दाखवली गेली, हे यंत्राने मोजावे म्हणून ती बनली होती. १२८ बाय १२८ पिक्सेलचा एकच नमुना फरशीसारखा चौकटभर पुन्हा पुन्हा बसवायचा, आणि तोच नमुना प्रत्येक चौकटीत. चित्र थोडे सरकले तरी फरशी कुठे जुळते ते गणिताने लगेच सापडते, आणि नमुन्याच्या दोन प्रतींमधल्या अंतरातून माहिती वाचता येते. पण एकच नमुना सगळीकडे असला की वेगवेगळ्या दृश्यांच्या शेकडो चौकटींची सरासरी काढणाऱ्याला दृश्ये पुसली जाऊन नमुना उघडा पडतो. प्रत्येक चौकटीला वेगळा नमुना द्यावा, तर स्थिर दृश्यातल्या चौकटींची सरासरी काढून नमुने पुसता येतात. दोन्हींतून वाट काढायची तर खूण दृश्याप्रमाणे बदलायला हवी. मिनेसोटा विद्यापीठातल्या स्वानसन, झू आणि ट्यूफिक यांनी १९९८ मध्ये चित्रफितीचे दृश्यांत तुकडे करून त्या दिशेने पाऊल टाकले.

या साऱ्या पद्धतींची मोठी परीक्षा डीव्हीडीच्या निमित्ताने झाली. १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी बाजारात आली, आणि हुबेहूब नक्कल निघण्याच्या भीतीने चित्रपट कंपन्या, यंत्रे बनवणारे आणि संगणक कंपन्या एकत्र बसल्या. कल्पना अशी होती, की प्रत्येक चित्रपटात एक खूण असेल आणि ती ‘हवी तितकी नक्कल करा’, ‘एकदाच करा’, ‘यापुढे करू नका’ किंवा ‘कधीच करू नका’ यांपैकी एक आज्ञा सांगेल. प्रत्येक प्लेअर आणि रेकॉर्डर ती खूण वाचून आज्ञा पाळेल. ‘एकदाच’ची नक्कल होताच रेकॉर्डरने दुसरी खूण घालून तिचे ‘यापुढे नाही’ करायचे, तेही घरगुती यंत्राच्या स्वस्त चिपमध्ये, चित्र चालू असताना. १९९९ पर्यंत दोन गट आमनेसामने उभे राहिले. एकात आयबीएम, एनईसी, सोनी, हिताची आणि पायोनियर होते, दुसऱ्यात फिलिप्स, मॅक्रोव्हिजन आणि डिजिमार्क. २००१ मध्ये दोन्ही गट एक झाले, तरीही चित्रातला वॉटरमार्क डीव्हीडी प्लेअरमध्ये कधीच सक्तीचा झाला नाही. तोवर कोट्यवधी यंत्रे खुणेशिवाय विकली गेली होती, आणि डीव्हीडीचे कुलूप १९९९ मध्ये फोडणाऱ्या डीसीएसएस या छोट्या प्रोग्रॅमने चित्रपट आज्ञा न पाळणाऱ्या संगणकात आणून ठेवले होते.

तांत्रिक कारण याहून खोल होते. आज्ञा पाळायची तर खूण वाचणारा शोधक प्रत्येक घरात द्यावा लागतो. कॉक्स आणि ज्याँ-पॉल लिनार्त्झ यांनी १९९७–९८ मध्ये दाखवून दिले, की असा शोधक हाती असलेल्याला किल्ली माहीत असण्याची गरज नाही. चित्रात एकेक बारीक बदल करत जायचे आणि शोधक ‘आहे’ वरून ‘नाही’ वर कधी जातो ते बघायचे. पुरेशा प्रयत्नांनी खुणेचा आकार हाती येतो आणि ती पुसता येते. १९९७ मध्ये केंब्रिजच्या मार्कुस कून आणि फाबियँ पेतिकोला यांनी ‘स्टर्मार्क’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. चित्र किंचित वाकवून, ताणून, पुन्हा छापून स्कॅन केल्यासारखे करून तो तेव्हाचे बहुतेक वॉटरमार्क निकामी करी. खूण नाहीशी होत नसे. फक्त माळ आणि चित्र यांची जुळणी सुटे, आणि बेरीज शून्यावर येई. संगीत कंपन्यांनी २००० मध्ये आपल्या खुणा फोडून दाखवण्याचे जाहीर आव्हान दिले, तेव्हा प्रिन्स्टनचे एड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही आठवड्यांत ते पेलले.

घरोघरच्या यंत्रांना आज्ञा देणारी खूण अशी मागे पडली, आणि माग काढणारी खूण पुढे आली. इथे शोधक प्रयोगशाळेतच राहतो आणि चोराला त्याच्यावर प्रयोग करता येत नाहीत. या बदलाचा गाजलेला दाखला २००४ सालचा आहे. ऑस्कर पुरस्कारांसाठी मत देणाऱ्या सभासदांना पाठवलेल्या चित्रपटांच्या कॅसेटींत प्रत्येक सभासदाची वेगळी खूण घातलेली होती. प्रदर्शित होऊन थोडेच दिवस झालेले चित्रपट इंटरनेटवर दिसले, तेव्हा त्यांतली खूण एका सभासद अभिनेत्याच्या प्रतीपर्यंत घेऊन गेली, आणि अकादमीने त्याला काढून टाकले.

चित्रपटगृहांतली खूण २००५ मध्ये नियमात आली. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून डिजिटल सिनेमाचे जे विनिर्देश प्रसिद्ध केले, त्यांत प्रत्येक प्रक्षेपक यंत्रणेने खेळ चालू असतानाच खूण घालावी असे ठरले. दर पाच मिनिटांत ३५ बिट. त्यांतले १६ बिट वर्षातला कोणता पाव तास आहे ते सांगतात, आणि १९ बिट पाच लाखांहून जास्त जागांपैकी कोणती जागा ते. चित्रपटगृहातला चोर कॅमेरा तिरका धरतो, पडद्याचा चौकोन समलंबी होतो, चौकटींचा वेग बदलतो आणि शेवटी सारे मूळच्या शतांश दराने कॉम्प्रेस होते. पिक्सेलांच्या जुळणीवर विसंबणारी खूण इथे टिकणे कठीण. यॅप हाइत्समा आणि काल्कर यांनी २००१ मध्ये चित्रपटगृहासाठी सुचवलेली वाट फार समर्पक होती. चित्राच्या लांबी-रुंदीत काहीच लिहायचे नाही, फक्त काळात लिहायचे. एक अख्खी चौकट अगदी किंचित उजळ, पुढची किंचित मंद, किल्लीतल्या माळेप्रमाणे. पडदा कितीही तिरका दिसला, कडा कापल्या गेल्या, तरी चौकटीची सरासरी उजळता बदलण्याचा क्रम कायम राहतो, आणि सरासरी उजळता म्हणजे डीसीटीचा पहिला सहगुणक असल्याने कोणतेही कॉम्प्रेशन तो टाकून देऊ शकत नाही. खूण चित्राच्या सर्वांत ठळक भागात जाऊन बसली ती अशी.

२००३ मध्ये एच.२६४ हे नवे मानक आले आणि एमपेग-२ च्या जवळजवळ निम्म्या बिटांत तेच चित्र मावू लागले. शेजारच्या चौकोनावरून चौकोन ओळखणे आणि एकमेकांवर अवलंबून असलेले सांकेतिक शब्द यांमुळे हार्टुंग-गिरोड पद्धतीने एखादा सहगुणक बदलणे जवळजवळ अशक्य झाले. एका बदलाने पुढचे सारे बिघडे. प्रिन्स्टनमध्ये थॉमसनच्या प्रयोगशाळेत डेकुन झू आणि जेफ्री ब्लूम यांनी २००९च्या सुमारास कामाची फोड केली. प्रवाहात कोणते बाइट बदलले तर पुढे काहीही न बिघडता चित्रात हवा तेवढाच बदल होईल, हे आधीच सावकाश शोधून त्याची यादी करून ठेवायची. प्रत्यक्ष पाठवताना यादी पाहून बाइट बदलणे एवढेच उरते.

इंटरनेटवरून चित्रपट आणि सामने पाहणे सुरू झाल्यावर हीच फोड पुढे नेली गेली. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती ठेवतात. एक ‘अ’, दुसरी ‘ब’, दोन्हींत निरनिराळी खूण. एका ग्राहकाला अ-ब-ब-अ असा क्रम मिळतो, दुसऱ्याला ब-ब-अ-अ, आणि तो क्रमच त्याचा क्रमांक. सर्व्हरला गणित करावे लागत नाही, फक्त साठवण दुप्पट लागते. तुकडा सहा सेकंदांचा असेल तर ३२ बिटांचा क्रमांक वाचायला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. चित्रपटासाठी हे ठीक आहे, पण चालू क्रिकेट सामन्यात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. त्यात दोघातिघांनी आपापल्या प्रती एकत्र करून तुकडे मिसळले तर निघणारा क्रमांक कोणाचाच नसतो. अशा संगनमताला पुरून उरणारे क्रमांक कसे बनवावेत हे डॅन बोने आणि जेम्स शॉ यांनी १९९५ मध्ये दाखवले होते. हंगेरीच्या गाबोर तार्दोश यांनी २००३ मध्ये त्यांची लांबी सामील माणसांच्या वर्गाच्या प्रमाणात आणली. म्हणजे संगनमत करणारे दुप्पट झाले तर क्रमांक चौपट लांब लागतो, आणि चोर सापडायला तितकाच जास्त वेळ.

भारतात प्रेक्षकाला ओळखीची आहे ती या कुटुंबातली दिसणारी खूण. डीटीएचच्या पडद्यावर मध्येच चमकून जाणारा आकडा सेट-टॉप बॉक्सचा किंवा कार्डाचा क्रमांक असतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७च्या नियमावलीने अशी उघड आणि छुपी खूण दाखवण्याची सोय वितरकांकडून मागितली आहे. दिसणाऱ्या खुणेची मर्यादा २०१६ च्या जूनमध्ये कळली. ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाआधीच फुटला, आणि प्रतीवर ‘सेन्सॉरसाठी’ अशी अक्षरे असल्याच्या बातम्या आल्या. अक्षरे प्रतीचा प्रकार सांगत होती, ती कोणाच्या हातून गेली ते नाही. आवाजातल्या वॉटरमार्कचा भारतातला सर्वांत मोठा वापर मुंबईत मुख्यालय असलेली बार्क ही संस्था २०१५ पासून करते. वाहिनीच्या आवाजात उपग्रहाकडे जाण्याआधीच खूण मिसळते आणि निवडक घरांतली मीटर ती ओळखून कोणती वाहिनी चालू आहे ते नोंदवतात. मराठी मालिकांच्या टीआरपीची चर्चा होते तिच्या मुळाशी कॉम्प्रेशनमधून पार पडलेली ही खूणच असते. चित्रपटगृहात चोरून चित्रण करण्याबद्दल २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठरवला. दंडाची वरची मर्यादा निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाते. असे चित्रण कोणत्या पडद्यावर आणि कोणत्या खेळाला झाले, हे सांगायला ३५ बिटांची खूण उपयोगी पडते.

यंत्राने तयार केलेल्या व्हिडिओंमुळे वॉटरमार्कला गेल्या दोन-तीन वर्षांत तिसरे काम मिळाले आहे. आता मालक कोण हे नव्हे, तर चित्र कॅमेऱ्याने टिपलेले की प्रोग्रॅमने रचलेले, हे सांगायचे आहे. गूगल डीपमाइंडने आपली सिंथआयडी ही खूण २०२४च्या मे महिन्यात व्हिडिओपर्यंत वाढवली, आणि युरोपीय संघाच्या त्याच वर्षीच्या कायद्याने कृत्रिम आशयावर यंत्राला वाचता येईल अशी खूण मागितली. अशा खुणेचा उपयोग सर्वांना व्हायचा तर शोधक पुन्हा अनेकांच्या हाती द्यावा लागतो, आणि डीव्हीडीच्या काळात लिनार्त्झ आणि कॉक्स यांनी दाखवलेला धोका जसाच्या तसा समोर येतो. गूगलने २०२५च्या मे महिन्यात सिंथआयडीचा शोधक जाहीर केला, तेव्हा तो आधी मोजक्या परीक्षकांपुरता खुला ठेवला.